रक्तात काय असतं? कवट्या मोजायला बर्लिनला गेलेल्या इरावती कर्वे यांची गोष्ट

सांगवी : स्थळ बघायला पाहुणे आले की चहा येण्याआधी चौकशी सुरू होते. घराणं कुठलं, मूळ गाव कुठलं, सोयरे कोण. पोरगं हुशार निघालं तर रक्तातच आहे म्हणायचं, अन् वाया गेलं तरी रक्तातच आहे म्हणायचं. चाकण, भोसरी, पिंपरीच्या कंपन्यांत कामाला आलेली माणसं आज सांगवीत राहतात. शेजारी लातूरचा, वरच्या मजल्यावर जळगावचा, समोर मूळचा सांगवीकर. कंपनीत डबा एकत्र खातात, पण लग्नाची बोलणी निघाली की रक्ताचा विषय निघतोच.

रक्तात खरंच काय असतं, हे तपासायची संधी पुण्याच्या एका बाईला जवळपास शंभर वर्षांपूर्वी मिळाली. तीही थेट बर्लिनमध्ये, माणसाची पायरी जन्मावरून ठरवणाऱ्या एका मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली. बाईंनी मोजमाप केलं आणि जे दिसलं ते लिहिलं. ते गुरूच्या म्हणण्याच्या उलट होतं.

त्या बाई म्हणजे इरावती कर्वे. महाभारतावरच्या ‘युगान्त’ या पुस्तकामुळे त्यांचं नाव घरोघरी गेलं. पण त्यांचं खरं शिक्षण माणसाच्या अनुवंशाचं, म्हणजे आईबापाकडून लेकराकडे काय जातं याचं. आज पेशीतली जनुकं कशी चालू होतात आणि कशी गप्प बसतात हे कळू लागलंय. त्या उजेडात या बाईंचं आयुष्य पुन्हा एकदा बघण्यासारखं आहे.

नदीचं नाव, पुण्याची शाळा

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या म्यिंज्यान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सात वर्षांची झाल्यावर तिला शिकायला पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. तिथे रँग्लर परांजपे यांची मुलगी शकुंतला हिच्याशी मैत्री जमली, आणि परांजप्यांनी या पोरीला आपल्याच घरी लेकीसारखं ठेवून घेतलं. घरात पुस्तकं होती, वाद होते, देव-धर्मावर मोकळेपणी बोलणं होतं. ब्रह्मदेशातच राहिली असती तर ही मुलगी कदाचित वेगळीच घडली असती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

फर्ग्युसनमधून त्या १९२६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. मग मुंबईला गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकून १९२८ मध्ये एम. ए. झाल्या. याच काळात फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवणारे दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचं लग्न झालं. म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे सासरे.

आता बघा गंमत. ज्या माणसाने बायकांच्या शिक्षणासाठी उभं आयुष्य घातलं, त्यांनाच सुनेने परदेशी शिकायला जाणं पटत नव्हतं. दिनकरराव मात्र बायकोच्या मागे उभे राहिले. ते स्वतः जर्मनीत शिकून आलेले होते. कर्ज काढून पैसे उभे केले आणि १९२८ च्या अखेरीला इरावतीबाई बर्लिनला पोचल्या.

एकशे एकोणपन्नास कवट्या

बर्लिनच्या डाहलेम भागात तेव्हा एक नवी कोरी संस्था उघडली होती. कैसर विल्हेल्म संस्था, विषय मानवशास्त्र, माणसाचा अनुवंश आणि सुप्रजनन. सुप्रजनन म्हणजे जनावरांची पैदास सुधारतात तशी माणसांचीही सुधारायची, चांगल्यांना वाढवायचं अन् कमअस्सल ठरवलेल्यांना रोखायचं, असा विचार. संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत जाऊन त्यांनी गोऱ्या बापाच्या अन् काळ्या आईच्या वंशजांचा अभ्यास केला होता आणि वंश मिसळणं वाईट असं मत मांडलं होतं.

फिशर यांनी इरावतीबाईंना विषय दिला तो कवट्यांचा. माणसाची कवटी दोन्ही बाजूंनी अगदी सारखी नसते, एक बाजू थोडी जास्त फुगीर असते. फिशर यांचा अंदाज असा होता की गोऱ्या युरोपियन माणसाच्या कवटीत हा फरक जास्त असणार, कारण त्याचा मेंदू तर्कबुद्धीच्या बाजूने जास्त वाढलेला असणार. म्हणजे गोरा माणूस जन्मतःच अकलेने वरचा, आणि त्याचा पुरावा हाडात. हा पुरावा आता एका हिंदुस्थानी विद्यार्थिनीने मोजून द्यायचा होता.

बाईंपुढे १४९ कवट्या होत्या. काही युरोपातल्या, काही वसाहतींतून आणलेल्या. कुणाच्या तरी आईबापाच्या, लेकरांच्या त्या कवट्या. बाईंनी एकेक कवटी हातात घेऊन मोजली, आकडे मांडले. उत्तर आलं ते असं की कवटीच्या दोन बाजूंतला फरक सगळ्यांतच सापडतो. त्याचा वंशाशी संबंध दिसत नाही.

घर हजारो कोस लांब, डोक्यावर कर्ज, पदवी द्यायची ती फिशर यांनीच. आकडा इकडचा तिकडे सरकवला असता तरी पुण्यात कुणाला कळलं नसतं. पण बाईंनी आपल्या प्रबंधात आकड्यांनी सांगितलं तेच लिहिलं, आणि पदवी घेऊन त्या घरी परतल्या.

त्या संस्थेचं पुढे काय झालं

१९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी कायदा झाला की ज्यांच्यात आनुवंशिक दोष आहेत असं ठरेल त्यांची सक्तीने नसबंदी करायची. वेडसर, आंधळे, बहिरे, फेफरं येणारे असे सुमारे चार लाख लोक यात भरडले गेले. इरावतीबाई जिथे शिकल्या ती संस्था या धोरणाच्या पाठीशी उभी राहिली. पुढे फिशर यांच्या जागी आलेले फेरशुअर यांच्याकडे आउशवित्झच्या छळछावणीतून माणसांच्या शरीराचे नमुने तपासायला येत. पाठवणारा होता त्यांचाच शिष्य, डॉक्टर मेंगेले.

सगळं रक्तातच असतं या वाक्यापासून सुरू झालेली वाट इथवर गेली. बाईंनी मोजलेल्या कवट्यांनी ती वाट थांबली नाही. पण तिच्या पायाखालचं शास्त्र खोटं आहे, हे एका मराठी बाईने आकड्यांत आधीच लिहून ठेवलं होतं.

कुंभाराची दोन चाकं

पुण्यात आल्यावर १९३१ ते १९३६ बाईंनी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केलं. १९३९ मध्ये त्या येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात गेल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. सांगवीतून मुळा ओलांडून औंधमार्गे गणेशखिंडीला गेलं की विद्यापीठ लागतं, तिथला मानवशास्त्राचा विभागही त्यांनीच सुरू केला. कपाळाला कुंकू नाही, गळ्यात मंगळसूत्र नाही, अन् पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवत जायच्या. लोक वळून बघायचे. बाईंना त्याचं काही नव्हतं.

त्या देशभर हिंडल्या. माणसांची उंची, डोकं, नाक मोजलं, रक्ताचे नमुने घेतले, नात्यागोत्यांची नावं गोळा केली. प्रश्न एकच होता, जात कशी बनली? त्यांचे गुरू घुर्ये यांचं मत असं की एक मोठा गट फुटत फुटत जाती-पोटजाती झाल्या. बाईंना दिसलं ते उलटं. महाराष्ट्रातले कुंभार घ्या. कुणी थोरचाके, कुणी लहानचाके. चाक वेगळं, घडवायची रीत वेगळी, आपसांत बेटीव्यवहार नाही. हे एका बापाचे फुटलेले लेक नव्हेत, तर वेगवेगळे लोक एकाच धंद्यामुळे एका नावाखाली आले, असं बाईंनी मांडलं. आपल्याकडे पवना अन् मुळा दापोडीजवळ एक होतात, पुढे एकच पाणी दिसतं, पण उगम दोन. तसंच.

हाच पडताळा त्यांनी उच्च म्हणवणाऱ्या जातीतही घेतला. १९६८ मध्ये मल्होत्रा यांच्यासोबत त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची शारीरिक मोजमापं आणि रक्तगट ताडून बघितले. नाव एक, मान एक, पण हे आठ गट एका रक्ताचे दिसेनात.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. बर्लिनच्या संस्थेत शिकलेली माणसं मोजायची रीत बाईंनी आयुष्यभर सोडली नाही. जातीजातीने डोकी मोजत राहणं हे त्याच जुन्या शास्त्राचं ओझं होतं, अशी टीका पुढच्या अभ्यासकांनी केली, आणि ती चुकीची नाही. फरक इतकाच की बाईंनी मोजमाप कुणाला खाली बसवायला वापरलं नाही.

मुंबईत सापडलेलं गप्प जनुक

मोजमाप करताना एक अडचण कायम असते. उंची, बांधा, डोक्याचा आकार यावर खाण्यापिण्याचा परिणाम होतो. दुष्काळात वाढलेलं पोर बुटकं राहतं, त्यात रक्ताचा दोष नसतो. रक्तगट मात्र जन्मापासून तोच राहतो, म्हणून अभ्यासकांना तो जास्त भरवशाचा वाटे.

पण रक्तगटानेही एक धक्का दिला, आणि तोही आपल्या मुंबईत. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवाच रक्तगट जगापुढे ठेवला. आज जगभर त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एखादा माणूस या गटाचा असतो. साध्या तपासणीत त्याचं रक्त ओ दिसतं, पण त्याला ओ गटाचं रक्त चालत नाही, बॉम्बे गटाचंच लागतं.

कारण समजून घ्या. ए किंवा बी ही खूण रक्तपेशीवर बसायला आधी एक पाया लागतो, त्याला एच म्हणतात. भिंतच नसेल तर खुंटी ठोकणार कुठे? बॉम्बे गटाच्या माणसात एच बनवणारं जनुक काम करत नाही. त्यामुळे त्याच्याकडे ए किंवा बी चं जनुक असलं तरी ते दिसत नाही. ते जनुक तो लेकराला देऊ मात्र शकतो. मग बाप तपासणीत ओ, आई ओ, अन् पोर बी, असं होऊ शकतं. अशा वेळी ज्याला हे माहीत नाही तो आईवर संशय घेईल.

म्हणजे जनुक असणं वेगळं आणि जनुक दिसणं वेगळं.

वारीतल्या वेगळ्या पंगती

बाईंचं मन नुसत्या हाडांत अन् रक्तात रमलं नाही. आळंदीहून ज्ञानोबांच्या पालखीसोबत त्या पंढरपूरला चालत गेल्या. दिंडी एक, अभंग एक, पण मुक्कामाला ब्राह्मणांचा स्वयंपाक वेगळा अन् मराठ्यांचा वेगळा. दिवसभर विठ्ठलाचं नाव घेऊन संध्याकाळी वेगळ्या पंगतीला बसायचं, हे त्यांना टोचत राहिलं. मग त्या मराठा बायकांच्या पंगतीला जाऊन जेवल्या, आणि त्या बायका त्यांच्याशी जास्त मोकळेपणाने बोलू लागल्या. ज्या मुलखातले लोक पंढरीला चालत जातात तो महाराष्ट्र, अशी ओळख त्यांना त्या वाटेवर सापडली. ती ना जातीची ना हाडाची, एकत्र चालण्याची.

कोयना धरणाने उठवलेल्या माणसांचं पुढे काय झालं, याचीही त्यांनी लेक जाई निंबकर यांच्यासोबत गावोगाव जाऊन पाहणी केली. १९६८ मध्ये ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० ला पुण्यात झोपेतच त्यांचं निधन झालं.

जनुकं रुमालात बांधलेली

बाई गेल्या तेव्हा जनुकांचं हे गप्प बसणं शास्त्राला नुकतंच कळू लागलं होतं. पुढच्या पन्नास वर्षांत जे कळलं ते असं.

आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा सगळा साठा असतो, सुमारे वीस हजार जनुकं. डोळ्याच्या पेशीत तोच, यकृताच्या पेशीत तोच. तरी डोळा बघतो अन् यकृत पित्त बनवतं. कारण प्रत्येक पेशी आपल्याला लागतील तेवढीच जनुकं उघडते, बाकीची बंद ठेवते.

पुण्यात पेशवे दफ्तर आहे. तिथे जुने कागद कापडी रुमालात बांधून ठेवलेले असतात. कागद आहे, मजकूर आहे, पण रुमाल सोडला नाही तर वाचणार कसा? पेशीतही तसंच. एका पेशीतला डीएनएचा धागा ताणला तर सुमारे दोन मीटर भरेल. तो प्रथिनांच्या बारीक रिळांवर गुंडाळलेला असतो. जिथे गुंडाळी घट्ट, तिथलं जनुक वाचता येत नाही. शिवाय धाग्यावर मिथाइल नावाची बारीक रासायनिक खूण बसते. जनुकाच्या तोंडाशी अशा खुणा दाटल्या की ते जनुक बहुधा बंदच राहतं.

आणखी एक युक्ती आहे. जनुक उघडलं की त्याचा निरोप आरएनए नावाच्या चिठ्ठीवर बाहेर जातो आणि त्यावरून प्रथिन बनतं. पेशी कधीकधी ही चिठ्ठीच वाटेत फाडून टाकते. हुकूम निघाला, पण पोचला नाही. ही युक्ती कशी चालते ते १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीत दाखवलं, त्यासाठी त्यांना २००६ चं नोबेल मिळालं.

उदाहरणं आपल्या आजूबाजूलाच आहेत. मधमाशांच्या पोळ्यात राणी आणि कामकरी माशी जन्मतः सारख्याच असतात. ज्या अळीला शेवटपर्यंत रॉयल जेली मिळते ती राणी होते, बाकीच्या कामकरी. फरक जनुकांचा नाही, खाण्यामुळे कोणती जनुकं उघडली अन् कोणती मिटली याचा. दारात फिरणारं पांढरं-काळं-तांबूस असं तीनरंगी मांजर बघा, ते जवळपास नेहमी मादीच असतं. मादीत एक्स गुणसूत्रं दोन. प्रत्येक पेशी त्यातलं एक बंद करते. जिथे एक बंद झालं तिथे काळा ठिपका, जिथे दुसरं तिथे तांबूस.

पुणे जिल्ह्यातली बाळं

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९३ पासून जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. इथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं ३.५ किलोचं. पण आपलं बाळ दिसायला किडकिडीत असलं तरी हाडं-स्नायू कमी अन् चरबी मानाने जास्त निघाली. अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका जास्त. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी होती. ज्यांच्यात बी-१२ कमी अन् फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करत नसल्याच्या खुणा दिसल्या.

बी-१२ आणि फोलेट यांचं एक काम म्हणजे मिथाइलच्या त्याच खुणांसाठी कच्चा माल पुरवणं. आई काय खाते यावर बाळाची कोणती जनुकं उघडी राहतात हे काही अंशी ठरतं, असं शास्त्रज्ञांना म्हणूनच वाटतं. घराण्यात साखर आहे असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात थोडा वाटा जनुकांचा असतो, थोडा आजीच्या अन् आईच्या उपाशीपणाचा. सगळ्यांना वाढून उरलं तर खाणारी सून आपण घराघरात बघितली आहे. तो हिशोब नातवंडांपर्यंत जातो.

याचा अर्थ जनुकं काहीच नाहीत असा नाही. इरावतीबाईंच्या लेकीच्या सासरी, फलटणच्या निंबकरांच्या संस्थेत, बंगालच्या गारोळ मेंढीतलं जुळं देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणलं. नारी सुवर्णा ही ती मेंढी. जनुक आलं अन् जुळी कोकरं होऊ लागली, हे खरंच. पण दोन कोकरं जगवायची तर मेंढीला चारा-खुराकही तसाच लागतो. नुसत्या वंशावर धनगराचं भागत नाही.

सांगवी फाट्यावरच्या जिल्हा रुग्णालयात रोज बाळं जन्माला येतात. त्यात मूळ सांगवीकरांची, बीड-नांदेडहून आलेल्यांची, बिहारच्या मजुरांची, सगळ्यांची. त्यांच्यातली कुठली हुशार निघतील हे कवटी मोजून कळत नाही, ते इरावतीबाईंनी केव्हाच दाखवलं. तेव्हा पुढच्या वेळी पाहुणे आले अन् घराण्याची चौकशी सुरू झाली, तर घरातल्या आणखी एका गोष्टीचीही चौकशी करा. या घरात सुना कधी जेवतात, सगळ्यांबरोबर की सगळ्यांनंतर?